पाच कागद आणि एक तिकीट

मुलुंडहून घाटकोपरला येताना बसमध्ये कंडक्टरकडून कागदाचं तिकीट हट्टाने मागून घेणारी, ते घडी न घालता चष्म्याच्या डबीत ठेवणारी आणि ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर त्या तिकिटाचे शेवटचे दोन आकडे फळ्यावर लिहिणारी बाई मी एकच पाहिली. आम्ही तोंडावर त्यांना मॅडम म्हणायचो, मागे आकडेबाई. त्यांना दोन्ही नावं माहीत होती आणि दोन्हींचं त्यांना काही नव्हतं.

आमची संस्था लहान आहे. घाटकोपर पश्चिमेला, एका फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. देवनारच्या आसपासच्या वस्त्यांमधल्या लहान मुलांचं वजन, उंची आणि रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं, ज्यांचं रक्त कमी त्यांना औषध सुरू करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, हे आमचं काम. मोजमाप करणाऱ्या बायका वस्तीत जाऊन कागदी फॉर्म भरतात. ते फॉर्म कांदिवलीची एक बाई घरी बसून एक्सेलमध्ये टाइप करते. आणि ते एक्सेल आमच्या कामाच्या प्रोग्राममध्ये नेऊन त्यातून याद्या आणि तक्ते काढायचे, हे माझं काम. त्या प्रोग्रामचं नाव ‘आर’. एवढंच, एक अक्षर. संख्याशास्त्रवाले तो वापरतात. मी बीकॉम आहे. मला तो मॅडमनी शिकवला.

त्या स्वतः तो एकसष्टाव्या वर्षी शिकल्या होत्या. आयुष्यभर सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात नोकरी, निवृत्त झाल्यावर दोन महिने घरी बसल्या आणि कंटाळल्या. मग वही-पेन्सिल घेऊन इंटरनेटवरचे धडे बघत बसल्या. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. डाव्या पानावर प्रोग्रामला दिलेली आज्ञा, उजव्या पानावर त्याने दिलेलं उत्तर, आणि उत्तर चुकीचं असेल तर तेही लिहिलेलं, खाली लाल रेघ मारून. आमच्याकडे त्या मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, पिशवीत बारा इंची स्टीलची फूटपट्टी आणि दहीभाताचा डबा. टायपिंग दोन बोटांनी.

माणसांना त्या ‘तुम्ही’ म्हणायच्या. जिना झाडणाऱ्या बाईलाही आणि फरसाणवाल्यालाही. ‘तू’ फक्त कॉम्प्युटरला. ‘तू काय काय घेतलंस ते आधी सांग, त्यातून काय निघतं ते मग बघू,’ असं त्या पडद्याकडे बघून म्हणायच्या, शाळेतल्या मुलाला विचारावं तसं. सुरुवातीला मी एकदा वैतागून म्हणाले की हा प्रोग्राम चुकीचं उत्तर देतोय. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. म्हणाल्या, ‘त्याला बोल लावू नका. ताटात जेवढं वाढलंत तेवढंच त्याने खाल्लं.’

वाढायची पद्धत अशी होती. आमची एक्सेलची पानं म्हणजे रंगीत चौकटी, वर संस्थेचं नाव, खाली बेरजा. सगळी फाइल आत नेली तर तो कचराही आत जायचा. म्हणून मॅडमनी मला सोपा रस्ता दाखवला. एक्सेलमध्ये हवा तेवढाच भाग निवडायचा, कॉपी करायचा, आणि आरमध्ये एक ठरलेली ओळ चालवायची. कॉपी केलेलं जिथे क्षणभर थांबलेलं असतं तिथून ते सरळ आत येतं. ती ओळ त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिली आणि मी ती पडद्याच्या कडेला चिकटवली. अजून आहे.

पण ती ओळ चालवली म्हणजे काम झालं, असं त्यांच्या लेखी नव्हतं. कॉपी करताना उभं राहायचं. बसून कॉपी केलं की माणूस सैल होतो, असं त्यांचं मत होतं, आणि त्या खरंच खुर्ची मागे सारून उभ्या राहायच्या. मग तीन प्रश्न. किती ओळी आल्या? शेवटची ओळ काय आहे? आकड्याचा आकडाच राहिलाय ना, अक्षर नाही ना झालं? आणि त्यानंतर पाच कागद. मूळ फॉर्मच्या गठ्ठ्यातून पाच फॉर्म काढायचे आणि पडद्यावरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून बघायचे. फूटपट्टी पडद्यावर ओळीखाली धरून.

कुठले पाच, ते तिकीट ठरवायचं. शेवटचे दोन आकडे सदतीस असले तर सदतिसावा फॉर्म, मग पुढे सदतीस मोजून, असे पाच. गठ्ठा संपला की पुन्हा वरून. मी विचारलं की मनाने पाच काढले तर काय बिघडतं. त्या म्हणाल्या, ‘आपण मनाने काढतो ते वरचे काढतो, स्वच्छ काढतो. तिकीट आपल्यातल्या कोणाला ओळखत नाही.’ एकदा तिकिटाच्या शेवटी दोन शून्यं आली. बाई ऑफिसच्या दारातून परत फिरल्या, दुसऱ्या बसमध्ये चढल्या, पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि नवीन तिकीट घेऊन चालत आल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. कोणी हसलं नाही, कारण वर आल्यावर त्यांनी विचारलं असतं की हसण्यासारखं नेमकं काय आहे, आणि आम्हाला सांगता आलं नसतं.

मी हे सगळं अगदी मनापासून पाळत होते असं नाही. मला काम उरकायला आवडतं. ओळी मोजायची सवय मात्र मला एका दिवसात लागली, ती सोलकढीमुळे.

चारशे बारा मुलांचा गठ्ठा होता. मी एक्सेलमध्ये निवडला, कॉपी केला. तेवढ्यात कॉम्प्युटरवरच उघड्या असलेल्या चॅटमध्ये नणंदेचा निरोप आला की पाहुणे आलेत, सोलकढीचं प्रमाण पाठव. माझ्याकडे ते आधीच लिहिलेलं होतं, मी कॉपी केलं आणि पाठवलं. मग आरमध्ये येऊन ती ओळ चालवली. मॅडम मागे उभ्या होत्या.

‘किती ओळी?’

‘आठ.’

‘मुलं किती होती?’

कॉपी केलेलं जिथे थांबतं तिथे एकाच गोष्टीला जागा असते, शेवटची आली की आधीची जाते, हे मला तोवर नीट समजलं नव्हतं. मॅडमनी फूटपट्टी पडद्यावर धरली आणि गंभीरपणे वाचलं, ‘नारळ एक. आमसुलं बारा. लसूण पाकळ्या तीन.’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘हे मूल कुठल्या वस्तीतलं?’

नंतर त्यांनी ते प्रमाण वहीत उतरवून घेतलं. पुढच्या मंगळवारी येऊन सांगितलं की आमसुलं दहाच पुरतात.

कौतुक त्या करत नसत. काम नीट झालं तर एकच शब्द म्हणायच्या, ‘बरोबर.’ सहा वर्षांत मला तो शब्द तीनदा मिळाला, तिन्ही तारखा मला माहीत आहेत. घरच्या चौकशाही त्या करत नसत. माझी आई गेली तेव्हा मी आठ दिवसांनी कामावर आले. सगळ्यांनी काय काय म्हटलं. मॅडमनी विचारलं, ‘किती वर्षांच्या होत्या?’

‘एक्क्याऐंशी.’

‘पूर्ण एक्क्याऐंशी?’

‘एक्क्याऐंशी आणि चार महिने.’

‘मग तसं सांगा. चार महिने त्या जगल्या ना?’

मला त्या क्षणी राग आला होता. आता मी आईचं वय सांगते तेव्हा तसंच सांगते.

आकड्यांमधली त्यांची खरी ख्याती मात्र वेगळ्या गोष्टीसाठी होती. त्या खोटे आकडे पकडायच्या. माणूस खरं मोजतो तेव्हा शेवटचा आकडा काहीही येतो, तीन येतो, सात येतो. घरी बसून मनाने लिहितो तेव्हा हात शून्याकडे आणि पाचाकडे जातो. कुठलाही तक्ता हातात आला की त्या आधी शेवटचे आकडे बघायच्या. सरकारी नोकरीत असताना त्यांनी असाच एक माणूस पकडला होता. बाळांची वजनं लिहायचं काम त्याच्याकडे होतं आणि प्रत्येक वजन शून्यावर नाहीतर पाचावर संपत होतं. ही गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली आणि मला ती फार आवडायची. त्या गोष्टीचा शेवट असा होता की मॅडमनी त्याची तक्रार केली नाही. त्याच्या घरी गेल्या, त्याला आणि वजनकाट्याला घेऊन दोन दिवस पुन्हा सगळी बाळं मोजली, तेव्हा तो काटाच पाच पाचच्या टप्प्याने थांबतो असं निघालं. ‘शेवटच्या आकड्यावरून संशय घ्यायचा. गुन्हा ठरवायचा नाही,’ असं त्या म्हणायच्या. मला पहिला भाग लक्षात राहिला.

आता प्रमिलाचं सांगते.

प्रमिला आमची सगळ्यात जुनी मोजणारी. मूळची मालवणकडची, सासरे गिरणीत होते, आता राहणं कांजूरमार्गला. पन्नाशीला आलेली, आवाज मोठा, चप्पल झिजलेली. ऑफिसात आमच्यासारखं मराठी बोलते, चिडली की मालवणीत जाते. तिच्या वस्तीतल्या बायका दुसऱ्या कोणाला पोराचं बोट टोचू देत नाहीत. टोचल्याबरोबर पोर भोकाड पसरतं, तेव्हा आईला धीर देणं हे खरं काम असतं आणि ते प्रमिलाला येतं. मशीनमध्ये रक्ताच्या थेंबाची पट्टी सरकवली की आकडा दिसतो, दहा पॉइंट सहा, बारा पॉइंट एक, असा. तो फॉर्मवर लिहायचा. अकराच्या खाली आलं की त्या मुलाला औषध.

त्या बुधवारी मी तिची दोनशे एकतीस मुलं आरमध्ये घेतली. उभी राहिले, ओळी मोजल्या, शेवटची ओळ वाचली, सगळं ठीक. शुक्रवारी दुपारी आमच्या कामाला मदत देणारे लोक भेटायला येणार होते आणि त्यांच्यासाठी तक्ता हवा होता. पाच कागद काढायचे तर कपाट उघडा, गठ्ठे उतरवा. मी ते सोडून दिलं. त्याऐवजी शेवटचे आकडे बघितले, कारण ते मला आवडायचं.

हिमोग्लोबिनच्या रकान्यात एकही दशांश नव्हता. नऊ, अकरा, बारा, अकरा, दहा, अकरा. दोनशे एकतीस मुलांत एकाचंही दहा पॉइंट काही नाही. इतर बायकांच्या फाइलींत दशांश होते. मी दोनदा बघितलं. खोटं बोलणार नाही, मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला वाटलं, मी मॅडमसारखं पकडलं.

मी संचालकांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ आहेत, त्यांना भांडण नको असतं. गुरुवारी त्यांनी प्रमिलाला बोलावलं. खोलीत ते, मोजणाऱ्या बायकांची सुपरवायझर नीता, मी आणि प्रमिला. बोलले मी.

‘प्रमिला, एकही दशांश नाही. दोनशे एकतीस मुलांत एकही नाही. असं होत नसतं.’

तिला आधी कळलंच नाही की तिला काय म्हटलं जातंय. कळल्यावर ती उभी राहिली. ‘मशीनवर जा दिसला ता लिवलंय.’

‘मशीन दशांश दाखवतं.’

‘मगे मी पण ताच लिवलंय. कागद बघा.’

मी म्हणाले की कागदावर काय, काहीही लिहिता येतं. हे वाक्य मी बोलले. ते मला इथे लिहायलाच हवं.

प्रमिला म्हणाली, ‘वस्तीतल्यो आयशी माझ्या हातात पोरा देतत ती माझ्या इश्वासावर. उद्या त्यांका काय सांगू?’

संचालक म्हणाले की सध्या तिच्या वस्तीचे आकडे बाजूला ठेवू आणि सोमवारपासून तिथे दुसरं कोणीतरी जाईल. प्रमिलाने पिशवीतून मशीन काढलं, पदराने पुसलं, टेबलावर ठेवलं. पट्ट्यांची डबी ठेवली. ‘बेचाळीस पट्ट्यो हत. मोजून घेवा,’ म्हणाली आणि गेली. नीताने मोजल्या. बेचाळीस होत्या.

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या, फळ्यावर त्रेचाळीस लिहिलं आणि बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, पकडल्याच्या थाटात. माझी अपेक्षा चौथ्या ‘बरोबर’ची होती.

त्यांनी विचारलं, ‘पाच कागद?’

मी म्हणाले, वेळ नव्हता.

त्या उठल्या, कपाटाकडे गेल्या आणि प्रमिलाचा गठ्ठा स्वतः उतरवला. त्यांचे गुडघे दुखतात, हे मला माहीत होतं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, ‘तुम्ही पडद्यापाशी बसा.’ मग त्रेचाळिसावा फॉर्म मोजून काढला आणि वाचला.

‘दहा पॉइंट सहा.’

पडद्यावर अकरा होतं.

शहाऐंशीवा. कागदावर नऊ पॉइंट चार, पडद्यावर नऊ. एकशे एकोणतिसावा, अकरा पॉइंट दोन, पडद्यावर अकरा. पुढचा दहा पॉइंट आठ, पडद्यावर अकरा. शेवटचा बारा पॉइंट एक, पडद्यावर बारा. प्रमिलाचं अक्षर मोठं आणि गोल आहे. प्रत्येक टिंब जागच्या जागी होतं.

मी पहिलं काय म्हणाले असेन? कांदिवलीच्या बाईने टाइप करताना चूक केली. मॅडमनी फूटपट्टीने मला बाजूला सरकायची खूण केली, एक्सेलमधली मूळ फाइल उघडली आणि त्रेचाळिसाव्या मुलाच्या चौकटीवर क्लिक केलं. चौकटीत अकरा दिसत होतं. वरच्या लांब पट्टीत, जिथे चौकटीत खरोखर काय आहे ते दिसतं, तिथे दहा पॉइंट सहा होतं. फूटपट्टी त्यांनी आधी खालच्या अकरावर ठेवली, मग वरच्या दहा पॉइंट सहावर.

‘या चौकटींचं कोणी काय केलंय?’ त्यांनी विचारलं.

मी केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी प्रमिलाने तिच्या मुलांची यादी छापून मागितली होती. तिला बारीक अक्षर दिसत नाही, चष्मा पिशवीत असतो आणि पिशवी दारात असते. मोठ्या अक्षरात यादी एका पानाच्या रुंदीत बसेना. एक्सेलमध्ये वर एक छोटं बटण आहे, ते दाबलं की दशांश दिसेनासा होतो आणि आकडा जवळच्या पूर्ण आकड्यावर जाऊन बसतो. आतला आकडा तसाच राहतो, फक्त दिसत नाही. मी ते दाबलं, रकाना अरुंद झाला, यादी पानात बसली. प्रमिला खूश होऊन गेली. मी फाइल तशीच सेव्ह केली आणि विसरले. मग बुधवारी त्याच पानावरून कॉपी केलं. आणि कॉपी करून नेलं की आरमध्ये जातं ते चौकटीत दिसणारं. आतलं नाही.

तिच्यासाठी केलेल्या कामावरून मी तिला खोटं ठरवलं होतं.

आणि औषधाच्या यादीतून दहा पॉइंट सहावाली, दहा पॉइंट आठवाली मुलं गळली होती. पाच कागदांत दोन. पूर्ण गठ्ठ्यात किती, ते मी त्याच दिवशी नीट काढलं, पण तो आकडा इथे नको.

मी सुन्न वगैरे झाले नाही. मला घाम आला. मी म्हणाले, लगेच दुरुस्त करते, अर्ध्या तासाचं काम आहे. मॅडम म्हणाल्या, ‘आकडे अर्ध्या तासात होतील.’ मग त्यांनी माझ्या पडद्याच्या कडेची चिठ्ठी काढली, स्वतः लिहून दिलेली, आणि तिच्या खाली पेन्सिलने लिहिलं, ‘दिसतं तेवढंच येतं.’ चिठ्ठी परत लावली. म्हणाल्या, ‘हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. चूक दोघींची आहे, तसंच लिहा.’

संचालकांचं म्हणणं असं पडलं की चला, बरं झालं, वेळेत कळलं. तक्ता बदलू, प्रमिलाला फोन करू, सोमवारी ये म्हणून सांगू. मॅडमनी विचारलं की काल खोलीत कोण कोण होतं. त्यांनी सांगितलं.

‘मग तुम्ही तिघांनी जायला हवं,’ त्या म्हणाल्या. ‘जेवढ्यांसमोर बोललात तेवढ्यांसमोर परत घ्या.’

‘मॅडम, दुपारी लोक येणार आहेत.’

‘दुपारी ना? आत्ता दहा वाजलेत.’

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मॅडमच्या फूटपट्टीकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

दोन रिक्षा केल्या. संचालक आणि नीता पुढच्या, मी आणि मॅडम मागच्या. माझ्या मांडीवर पाच फॉर्म, मशीन आणि पट्ट्यांची डबी. विक्रोळी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला ती वजनकाट्याची गोष्ट मी पूर्ण सांगितली होती ना?’ मी हो म्हणाले. ‘बरं,’ म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या. त्या मला रागावल्या असतील तर तेवढंच.

पुढे दोन वर्षांनी त्यांचे गुडघे बसमध्ये चढू देईनात आणि त्या भावाकडे नाशिकला गेल्या. अजून दर मंगळवारी फोन करतात, तब्येत विचारायला नव्हे. ‘आज किती ओळी?’ असं विचारतात. बसचं तिकीट आता मी काढते, कागदाचं, आणि कंडक्टर माझ्याकडे तसाच बघतो.

त्या शुक्रवारी आम्ही रिक्षा रेल्वे फाटकापाशी सोडल्या; प्रमिलाची चाळ तिथून आत आहे. दुसरा मजला. ती दारात बसून तिसऱ्या साफ करत होती, शिंपल्या उघडून मांस एका पातेल्यात टाकत होती. आम्हा चौघांना जिन्यात बघून तिने हात थांबवला नाही. सासू आतून म्हणाली कोण आलंय, ती म्हणाली, ऑफिसची माणसं. पाणी विचारलं नाही.

मी उभ्यानेच बोलले. लांबण लावली नाही. दशांश तू लिहिले होतेस, मी ते माझ्या हाताने घालवले, यादी छापताना, आणि मग तुलाच विचारलं कुठे गेले. कागद बघ म्हणालीस, मी बघितले नाहीत. हे पाच कागद. एकेक वाचून दाखवला. कागदावर दहा पॉइंट सहा, माझ्याकडे अकरा. संचालक म्हणाले की सोमवारपासून वस्ती तुझीच आहे. नीता म्हणाली, माफ कर गं. शेजारची बाई दारात येऊन ऐकत होती, ते बरंच झालं.

मॅडम म्हणाल्या, ‘कॉपी करायची पद्धत मी शिकवली होती. अर्धी शिकवली होती.’

प्रमिलाने शेवटची शिंपली उघडली. पातेलं आत नेऊन ठेवलं. हात साबणाने धुतले, दोनदा, आम्हाला पाण्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन माझ्या हातातून मशीन आणि डबी घेतली, डबी उघडून आत नजर टाकली.

‘बसा,’ ती मला म्हणाली. ‘बोट पुढे करा, ताई.’

ती आमच्या ऑफिसातलं मराठी बोलत होती, एकेक शब्द स्वच्छ. मी बसले. हात पुढे केला. तिने बोट पुसलं, दाबलं आणि टोचलं. वस्तीतल्या पोरांना टोचते त्यापेक्षा जोरात टोचलं असेल असं मला वाटतं, पण ते मोजता येत नाही. पट्टीवर थेंब घेतला, मशीनमध्ये सरकवला. सगळे उभे. संचालक जिन्याचा कठडा धरून. आकडा आला तसं तिने मशीन माझ्याकडे वळवलं.

‘किती?’

‘अकरा,’ मी म्हणाले.

प्रमिला माझ्याकडे बघत होती. मशीन तसंच धरलेलं.

‘आणि पुढे?’

मी पुन्हा बघितलं. ‘अकरा पॉइंट चार.’

‘तसा सांगा मगे,’ प्रमिला म्हणाली.

तिने आतून चष्मा आणला. एक कोरा फॉर्म घेतला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, टिंब जरा जास्तच दाबून. मग मला म्हणाली की बायकांक बारा होये, रोज एक गोळी घेवा, चायबरोबर नको. मॅडम वाकल्या, पिशवीतून फूटपट्टी काढली, तिने लिहिलेल्या ओळीखाली धरली आणि मशीनवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा ताडून बघितला.

‘बरोबर,’ त्या म्हणाल्या. प्रमिलाला.